व्हेल शार्कची ओळख: मेलेल्या माशापासून ठिपक्यांच्या फोटोपर्यंत

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. पण त्याच्याविषयीचं ज्ञान दीर्घकाळ मेलेल्या माशांवरूनच जमत गेलं. १८२८ साली दक्षिण आफ्रिकेच्या टेबल बे इथे मारलेल्या सुमारे साडेचार मीटरच्या माशावरून अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. त्याच्या आकारासाठी आजही दाखला दिला जातो ती १२.६५ मीटर लांबी १९४९ साली कराचीजवळ पकडलेल्या माशाची आहे.

प्रजननाबाबत तर चाळीस वर्षं चुकीचा समज टिकला. १९५३ साली मेक्सिकोच्या आखातात ट्रॉलरच्या जाळ्यात अंड्याचं एक मोठं कवच आलं, आत जिवंत पिल्लू होतं. त्यावरून हा मासा अंडी घालतो असं धरलं गेलं. १९९५ साली तैवानमध्ये पकडलेल्या १०.६ मीटरच्या मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं निघाली, तेव्हा उलगडा झाला. अंडी पोटातच उबतात आणि पिल्लं जन्माला येतात. ते कवच बहुधा वेळेआधीच बाहेर पडलं होतं. वयाचा प्रश्न २०२० साली मार्गी लागला. अणुचाचण्यांमुळे समुद्रात वाढलेल्या कार्बन-१४च्या (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) आधारे मणक्यांतली वलयं तपासली गेली, तेव्हा पाकिस्तानात जपून ठेवलेल्या दहा मीटरच्या मादीचं वय ५० वर्षं निघालं. इतक्या संथ वाढणाऱ्या माशाची शिकार झाली की ती तूट लवकर भरून निघत नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी (ते लाकडी होड्यांना लावत) त्याची मोठी शिकार होत असे. मे २००१ मध्ये भारतात त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण मिळालं.

२००५ साली जिवंत मासा ओळखण्याची खात्रीची वाट सापडली. आकाशातल्या ताऱ्यांच्या मांडणीची जुळणी करणारी गणिती पद्धत माशाच्या पांढऱ्या ठिपक्यांना लावली गेली. ठिपक्यांची रचना प्रत्येक माशाची वेगळी असते आणि वर्षानुवर्षं टिकते.

फोटोत हवा तो भाग नेमका आहे: डाव्या कुशीवर पाचव्या, म्हणजे शेवटच्या कल्ल्याच्या फटीपासून मागे, छातीकडच्या पराच्या (पोहण्याच्या पंखाच्या) मागच्या टोकाच्या रेषेपर्यंत. फटीचं वरचं टोक, खालचं टोक आणि परामागचा तो बिंदू हे तिन्ही स्पष्ट दिसायला हवेत. कॅमेरा कुशीला काटकोनात धरावा. तिरक्या फोटोत ठिपक्यांमधली अंतरं आक्रसतात आणि जुळणी फसते. दोन्ही कुशींवरची नक्षी वेगळी असते. एका वेळी डावी आणि दुसऱ्या वेळी उजवी बाजू टिपली, तर एकच मासा दोन म्हणून मोजला जातो. शक्य असेल तर पोटाकडच्या परांचाही फोटो घ्यावा: तिथे नळीसारखे दोन अवयव असले तर नर. लांबी मात्र नजरेने ठरवू नये, पाण्यात अंदाज हमखास चुकतो.

आपल्याकडे बातम्यांत त्याला सर्रास देवमासा म्हणतात. शेपूट पाहिली की शंका फिटते: देवमाशाची आडवी, व्हेल शार्कची उभी.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. बहुतेक चित्रीकरणात पाठ आणि शेपूटच येते. जाळं कापताना कॅमेरा दोन क्षण डाव्या कल्ल्यामागे धरला, तर तोच पुरावा त्या माशाची कायमची नोंद होऊ शकतो. शेपटीला दोर बांधून मात्र ओढू नये; मासा उलटा ओढला गेला की कल्ल्यांतून पाणी नीट वाहत नाही आणि तो गुदमरतो.