लार्झां (१९२८ चा फ्रेंच मूकपट)

लार्झां म्हणजे फ्रेंचमध्ये पैसा. मार्सेल लेर्बिएचा हा मूकपट एमिल झोलाच्या १८९१ च्या त्याच नावाच्या कादंबरीवरून केलाय. कादंबरी १८६० च्या दशकात घडते, लेर्बिएने ती उचलून थेट आपल्या काळातल्या पॅरिसमध्ये आणली, विमानं, तेलाच्या विहिरी, नाइटपार्ट्या सगळं घालून. मला तर हा बदल एकदम बरोबर वाटतो, कारण सट्टा काही जुना होत नाही.

साकार हा बँकवाला बुडायला आलेला असतो पण तोरा जराही कमी नाही. तो हॅमेलिन नावाच्या वैमानिकाला पुढे करतो, याने एकट्याने समुद्र ओलांडून गयानाला जायचं, तिथे तेल काढायचं आणि त्या नावावर बँकेचे शेअर चढवायचे. मग विमान पडल्याची आवई उठते, भाव कोसळतो, माणूस जिवंत आहे हे साकारला माहीत असतं तरी तो गप्प राहतो आणि पडत्या भावात शेअर उचलतो. इकडे हॅमेलिनच्या बायकोला, लीनला, तो पैसे उधळायची सवय लावतो, तिच्यावर त्याचा डोळा असतो. गुंडरमन नावाचा दुसरा बँकवाला मात्र शांतपणे शेअर गोळा करत बसलेला असतो, आणि एके दिवशी सगळे बाजारात ओततो.

शूटिंग खऱ्या पॅरिस शेअरबाजारात झालं, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचे ३ दिवस बाजार बंद असताना, सुमारे १५०० एक्स्ट्रा घेऊन. छताला टांगलेला कॅमेरा वरून खाली येतो तेव्हा ते दलाल अक्षरशः मुंग्यांसारखे दिसतात, आणि हा शॉट विमानाच्या उड्डाणाला जोडलाय, म्हणजे विमान तिकडे वर चाललंय आणि इथे गर्दी गरगरतेय. जुगाराच्या सीनमध्ये खेळणाऱ्यांच्या सावल्या छतावर हलतात. ब्रिगिटे हेल्मची बॅरोनेस सांडोर्फ पण बघाच, मेट्रोपोलिस या जर्मन मूकपटातली तीच ती. गुंडरमन झालेला आल्फ्रेड आबेलसुद्धा त्याच सिनेमातला.

खर्च अफाट झाला, आणि सिनेमा आला तो नेमका बोलपट सुरू व्हायच्या तोंडावर, त्यामुळे मागे पडला तो पडलाच. १९८३ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचा याच नावाचा सिनेमा आला, आता नाव घेतलं की लोकांना तोच आठवतो.

शेवटी साकार तुरुंगात जातो. आणि तिथे कोठडीत बसून तो जेलरला नव्या कंपनीची स्कीम समजावून सांगायला लागतो.