परिसरशिक्षण, कोल्हापुरातील

नदी, शेत, बाजार, कारागिराचे घर अशा ठिकाणी जाऊन, स्थानिक लोकांच्या ज्ञानाचा आधार घेत आणि त्या ज्ञानालाही प्रश्न विचारत चालणाऱ्या अध्ययनास परिसरशिक्षण म्हणतात. सहलीत स्थळ पाहून मुले परततात. येथे ती निरीक्षणे नोंदवतात, माणसांना विचारतात आणि मिळालेली उत्तरे एकमेकांशी ताडून पाहतात. गांधीजींनी १९३७ मध्ये मांडलेल्या ‘नई तालीम’ने हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि लीलाताई पाटील यांचे सृजन आनंद विद्यालय यांनी जीवनाशी जोडलेल्या शिक्षणाची वाट रुळवली.

या शिक्षणासाठी गुऱ्हाळाइतकी समृद्ध जागा क्वचितच सापडेल. चुलवाणात चिपाडे पेटलेली असतात, काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीच्या रसाने वर आलेली मळी काढली जात असते आणि गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का, हे बोटांनी चाचपतो. उष्णता, बाष्पीभवन, संपृक्त द्रावण हे सारे मुलांना तेथे एका जागी भेटते. खरी कसोटी मात्र पुढे लागते : रसायन घालून उजळ केलेल्या गुळाला जास्त भाव का मिळतो, आणि तो भाव शेतकरी ठरवतो की मार्केट यार्डातील सौद्यातला व्यापारी, या प्रश्नांची उत्तरे गुऱ्हाळमालक, अडते आणि गिऱ्हाईक वेगवेगळी देतात.

पंचगंगेचेही तसेच आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी कोठवर आले होते, हे घरोघरी विचारून नकाशावर मांडले, की पाऊस, धरणांतील विसर्ग आणि पूरक्षेत्रातील बांधकामे यांपैकी कशाचा वाटा किती, हा वाद मुलांना स्वतः तपासता येतो.

स्थानिक संस्कृतीचे केवळ गुणगान करणे ही या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव ठरते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेची कातडी कमावण्याची रीत आणि वेणीचे काम पाहताना, हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्याच वाट्याला का आले, हेही विचारले गेले पाहिजे. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, त्यामागचे कारण विद्यार्थ्याला अशाच चौकशीतून उमगते.