नाणं आकसवण्याचा इतिहास, आणि त्याच्याभोवतीचा कायद्याचा घोळ

अमेरिकेचं क्वार्टर म्हणजे 25 सेंटचं नाणं, व्यास 24.26 मिमी. भोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, विजेचा एक जबरदस्त झटका दिला की तेच नाणं 18 मिमीच्या आसपास येतं, म्हणजे त्यांच्या 10 सेंटच्या डाईमएवढं. वॉशिंग्टनचा चेहरा, अक्षरं, साल सगळं जागच्या जागी, फक्त लहान. वजन मात्र 5.67 ग्रॅम होतं तेवढंच राहतं, कारण धातू कुठे गेलेलाच नसतो, व्यास घटला तेवढी जाडी वाढते, जवळपास पावणेदोन पट. रुळावर ठेवलेलं नाणं पसरून पातळ होतं ना, त्याच्या बरोब्बर उलटं. याचे व्हिडिओ बघून बरेच जण फेक म्हणून सोडून देतात म्हणून सांगतो, हे खरं आहे आणि याच्यामागे शंभर वर्षांहून जास्तीचं काम आहे.

सुरुवात थोडक्यात. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समधल्या हार्टली व्हेलला रॉकेलच्या कारखान्यावर वीज पडली आणि लाइटनिंग रॉडची तांब्याची पोकळ नळी आत चेपली गेली. सिडनीतल्या दोघा अभ्यासकांनी 1905 मध्ये हिशोब मांडून दाखवलं की नळीतून गेलेल्या करंटच्याच चुंबकीय जोराने ती चिरडली. तिथे करंट थेट नळीतून गेला होता, नाण्याला मात्र एकही वायर जोडलेली नसते, हा फरक लक्षात ठेवा. मग 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये क्षणभरापुरतं 30 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) वर चुंबकीय क्षेत्र तयार करून झालं, आणि तेव्हापासूनच कॉइल फुटणं ही डोकेदुखी या कामाला चिकटली.

खरं तंत्र तयार झालं ते 1950 च्या शेवटी. फ्यूजनवर, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्यावर, काम करणाऱ्यांना दिसलं की कॉइलमध्ये ठेवलेला धातू विजेच्या क्षणिक झटक्याने हवा तसा दाबता येतो. अमेरिकेत 1958 ला पेटंटचा अर्ज गेला, 1961 ला पेटंट मिळालं, आणि लगेच फॅक्टरीत वापरायची मशिन्स बाजारात आली. नळीवर रिंग घट्ट बसवायची, दोन धातूंचे पाइप जोडायचे, तेही न तापवता, न घासता. चंद्रमोहिमांच्या सॅटर्न रॉकेटच्या टाक्यांच्या घुमटांना वेल्डिंगमुळे पोक यायचे, ते सरळ करायलाही चुंबकीय हातोडा वापरला होता. आपल्याकडे ट्रॉम्बेलाही याच पद्धतीने धातू जोडण्यावर काम झालंय. मला वाटतं या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे नाण्यावरच अडकतात.

नाण्याचं काम होतं ते असं. नाणं मधोमध पकडून त्याच्याभोवती दहाएक वेढे, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते तसल्या जाड इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे. मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणाऱ्या उपकरणात, दहा हजार व्होल्टच्या वर चार्ज करून साधारण 6000 जूल ऊर्जा साठवायची. 60 वॅटचा बल्ब 100 सेकंदात खातो तेवढीच ही एनर्जी, पण ती 25 मायक्रोसेकंदात सोडली की सरासरी पॉवर 240 मेगावॅट होते. कॉइलमधला करंट एका दिशेने, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे नाण्याच्या कडेत आपोआप तयार झालेला उलट्या दिशेने, दोघं एकमेकांना ढकलतात, नाणं आत जातं आणि कॉइल बाहेर, म्हणजे तिच्या अक्षरशः चिंध्या होतात, तांब्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. म्हणून जाड पोलादी पेटीत हे करतात. आणि कपॅसिटर, बंद केल्यावरही, जीव घेऊ शकतो, त्यामुळे घरी करून बघायचा विषयच नाही.

1990 च्या दशकात प्रयोगशाळांतून निघालेले जुने कपॅसिटर हौशी लोकांच्या हाती लागले आणि आकसलेली नाणी ऑनलाइन विकली जायला लागली. तिथून खरा वाद सुरू झाला, सरकारी नाण्याशी असं काही करणं गुन्हा आहे का.

अमेरिकेच्या कायद्यात नाणं फसवणुकीच्या हेतूने बदलणं, खरवडणं, हलकं करणं गुन्हा आहे. फसवणुकीचा हेतू ही अट आहे म्हणूनच 1893 च्या शिकागो प्रदर्शनापासून पेनी, म्हणजे 1 सेंटची नाणी, लांबट दाबून सुवेनिर म्हणून विकता आल्या. पण 2006 मध्ये तांबं आणि निकेल महाग झालं, 5 सेंटच्या नाण्यातला धातूच 5 सेंटपेक्षा जास्तीचा भरायला लागला, आणि डिसेंबरमध्ये घाईघाईने नियम आला की 1 आणि 5 सेंटची नाणी वितळवायची नाहीत, देशाबाहेरही पाठवायची नाहीत, नाहीतर 10,000 डॉलरपर्यंत दंड, 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाणी आकसवणारे, दागिने करणारे, शाळेत प्रयोग दाखवणारे सगळे हादरले. त्या नियमात शिक्षण, करमणूक, दागिने अशा कामांना सूट होती आणि 2007 च्या अंतिम नियमातही ती राहिली, अट एवढीच की फक्त धातूच्या किमतीवर नफा काढायचा हेतू नको. माझ्या मते हा नियम बरोबर होता. भंगारवाला टनाने नाणी वितळवतो आणि एखादा जण एक नाणं आकसवून मुलांना भौतिकशास्त्र दाखवतो, या दोन गोष्टी एका मापाने मोजायच्याच नाहीत. कॅनडाचा कायदा मात्र कडक आहे, परवाना नसेल तर चालू नाणं वितळवणं, फोडणं सोडाच, चलनाशिवाय दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही.

आपला 2011 चा नाणे कायदा कॅनडाच्या बाजूने झुकतो. नाणं वितळवू नये, नष्ट करू नये, व्यवहाराशिवाय वापरू नये, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे का आलं तेही समजून घ्या, 2007 च्या सुमाराला आपली नाणी सीमेपलीकडे जाऊन त्यांची ब्लेड बनतात अशा बातम्या होत्या आणि कोलकात्याकडे चिल्लरच मिळेना. भीती खरी होती, पण शिक्षणासाठी अमेरिकेसारखी स्पष्ट सूट आपल्याकडेही लिहायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. तोवर प्रयोग दाखवायचाच तर तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची साधी चकती घ्यावी, फिजिक्स तेच.

तसंही आपलं आजचं नाणं या कामाचं नाही. 1992 पासूनचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, त्यातून वीज नीट वाहत नाही म्हणजे कडेत करंट कमी आणि आकसणंही कमी. जुनी कंगोऱ्यांची ॲल्युमिनियमची 10 पैशांची नाणी याला फार योग्य होती, ती 2011 ला चलनातून गेली. बाहेरही तेच, ब्रिटनची पेनी 1992 पासून आतून स्टीलची, अमेरिकेची 1982 पासून आतून जस्ताची आणि नोव्हेंबर 2025 मध्ये चलनासाठी ती पाडणंच थांबलं. जुन्या पेनी अजून चालतात.