तळ्याकाठी मुक्कामाला निघण्याआधी

बुकिंग झालंय, तर आता पाच मिनिटं काढून एवढं वाचा. गाडीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत तर फारच बरं. ज्याने बुकिंग केलं त्याला सगळं माहीत असतं, पण मागच्या सीटवरची मंडळी रिसॉर्ट समजून येतात आणि मग आमचा संध्याकाळचा वेळ समजूत काढण्यात जातो.

हे रिसॉर्ट नाही. कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात आमचं वडिलोपार्जित रान आहे आणि रानाच्या खालच्या अंगाला गावचा पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्याच बायाबापड्यांनी पाट्या वाहून तो बांधला. आमची आजीही त्या कामावर होती. या रानात आठ तंबू, पत्र्याचं स्वयंपाकघर, दोन संडास आणि दोन न्हाण्या आहेत. विजेचा खांब नाही. सौर दिव्यांवर वाटेपुरता उजेड होतो, मोबाइल चार्ज होत नाहीत. पॉवर बँक भरून आणा. रेंज बांधावर उभं राहिलं तर येते, तीही तिच्या मर्जीने.

जंगल म्हणाल तर पलीकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, 1986 साली जाहीर झालेलं. आमची जागा त्याच्या हद्दीबाहेर, मालकीच्या शेतात आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, त्यामुळे "आतमध्ये नेऊन तंबू ठोका की" असा आग्रह करू नका. दिवसा फाटकावर नोंद करून, फी भरून जरूर जा. पितळखोऱ्याची लेणी मात्र चुकवू नका. ती इसवी सनापूर्वीची आहेत आणि अजिंठा-वेरूळच्या मानाने गर्दी अगदीच कमी असते. पायऱ्या उतरताना सोपं वाटतं, चढताना कळतं. लेण्यांच्या कड्याला आग्या मोहोळ असतं, म्हणून तिथे सिगारेट, धूर, फटाके, आरडाओरडा यातलं काहीही नको, आणि अत्तराचा फवारा मारून जाऊ नका.

आम्ही ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच महिने चालू असतो. पावसाळ्यात धबधब्यांसाठी खूप फोन येतात, पण काळ्या मातीत ओल असली की खुंटी धरत नाही आणि गाडी रुतली तर ट्रॅक्टर लावूनच काढावी लागते. शिवाय घाट. 2021 च्या ऑगस्टअखेरीला कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा वाहनांचं काय झालं ते इकडच्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात कारण वेगळं. पाझर तलाव मुळात पाणी साठवून ठेवायला बांधतच नाहीत. पाणी मुरून खालच्या विहिरींना जावं यासाठी बांधतात. त्यामुळे होळीच्या सुमाराला आमचं तळं आटत आलेलं असतं. फोटोत दिसतं ते पाणी नोव्हेंबरचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजेड आहे तोवर पोहोचा. हिवाळ्यात सहाच्या आसपास दिवस मावळतो आणि इथे अंधार शहरासारखा हळूहळू पडत नाही, डोंगराआड सूर्य गेला की लगेच पडतो. संभाजीनगरहून कन्नड साठेक किलोमीटर. तिथून पुढचा रस्ता अरुंद, दोन ठिकाणी फरशीपूल, आणि वाटेत रानडुकरं किंवा नीलगाय आडवी येते. दुपारी दोनला निघालात तरी चालेल, चारला निघू नका. पेट्रोल कन्नडलाच भरून घ्या.

तंबूंची जागा पाहून बरेच जण हिरमुसतात, कारण ते पाण्याला लागून नाहीत, वरच्या माळावर आहेत. पहिल्या हिवाळ्यात आम्हीही हौसेने अगदी काठावर लावले होते. सकाळी गाद्या, रजया, पाहुणे सगळे ओले! गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली वाहत येते आणि तळ्याच्या खोलगटात साचते. त्यात पाण्याची वाफ, म्हणजे दव आलंच. माळावर त्यामानाने उबारा राहतो. तरी तंबूच्या आत कापडाला ओल धरते. ती गळती नव्हे, तुमच्याच श्वासाची वाफ असते. वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की ओल वाढते आणि थंडीही वाढते. शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका, कितीही गारठलात तरी. बंद जागेतल्या धुराने माणूस झोपेतच जातो. डिसेंबर-जानेवारीत स्वेटरवर भागत नाही. कानटोपी, पायमोजे आणि प्रत्येकी एक जादा चादर आणा. रजई आम्ही देतो.

जेवण घरचं: ज्वारीची भाकरी, पिठलं, येसराची आमटी, ठेचा. ठेचा आधी थोडा चाखून मग वाढून घ्या. डिसेंबरच्या मध्यापासून हुरडा सुरू होतो. गूळभेंडीचा हुरडा आगटीत भाजून, चोळून, गरमागरम, सोबत शेंगदाण्याची चटणी. तो कधी तयार होईल हे ज्वारीवर असतं, आमच्यावर नाही, म्हणून यायच्या आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. सरपण आम्ही पुरवतो. बाहेरून फांदी तोडायची नाही आणि ठरलेल्या आगटीशिवाय कुठेही जाळ करायचा नाही. फेब्रुवारीत गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरे.

बिबट्या आहे का? आहे. तुम्हाला दिसेल का? बहुधा नाही, त्यालाच तुमची गाठ नको असते. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ इतक्या लांब चालत गौताळ्यात आला होता, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. उरलेलं अन्न बाहेर टाकू नका, पाळीव कुत्रा आणू नका, आणि रात्री संडासला जाताना दोघांनी मिळून, बॅटरी घेऊन, बोलत जा. खरा त्रास वानरांचा. बॅगेची चेन त्यांना उघडता येते.

आम्हाला काळजी असते ती साप-विंचवाची. तंबूची चेन पूर्ण लावा, बूट आत ठेवा, सकाळी झटकूनच घाला. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर उघड्यावर झोपायचं नाही, चांदणं कितीही छान असलं तरी. काही चावल्याची शंका जरी आली तरी आम्हाला उठवा. चीर द्यायची नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिक नाही. हात-पाय हलवू न देता थेट कन्नडचं ग्रामीण रुग्णालय. आमची जीप रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी असते ती त्यासाठीच, 108 ची वाट बघत बसायचं नाही. लाल विंचवाच्या दंशावर आज जी प्राझोसिनची गोळी देतात, तिचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, हे मुलांना आवर्जून सांगा. गोळी मात्र डॉक्टरच देतील.

तळ्यात उतरायचं नाही. वरून पाणी शांत दिसतं, पण खाली मांडीभर गाळ आहे आणि त्यात पाय रुतला की पोहता येणाराही अडकतो. याला सूट नाही, दंड नाही, विनवणीही नाही. उतरलात तर पैसे परत देऊन तुम्हाला त्याच दिवशी पाठवून देऊ. बसायला सांडव्याजवळ दगडी कट्टा आहे. पहाटे साडेसहाला तिथे चहा मिळतो, आणि खंड्या, बगळे, थंडीत आलेली बदकं समोर असतात.

रात्री दहानंतर स्पीकर बंद. शेजारच्या वस्तीवरच्या लोकांना पहाटे पाण्याच्या पाळीला उठायचं असतं. आकाशासाठी अमावास्येच्या आसपासची तारीख घ्या. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीचा उल्कावर्षाव असतो. त्या दिवसांचे तंबू लवकर भरतात.

येणं रद्द झालं तर तीन दिवस आधी कळवा, पूर्ण पैसे परत. आदल्या दिवशी कळवलंत तर निम्मे, कारण तोवर भाजी आणि दूध सांगून झालेलं असतं. अवकाळी पाऊस आला आणि आम्हीच नको म्हटलं, तर सगळे परत किंवा दुसरी तारीख, तुम्ही म्हणाल तसं.