काळी पाठ, पण कुणाची?

समुद्रात एक काळी पाठ वर येते, विळ्यासारखा वळलेला पर दिसतो आणि दोन-तीन सेकंदांत सगळं पाण्याखाली जातं. एवढ्यावरून जात ओळखायची! छोट्या व्हेलमध्ये जाणत्यांनाही सर्वांत जास्त चकवते ती पिग्मी किलर व्हेल आणि मेलन-हेडेड व्हेल यांची जोडी. दोन्ही काळपट करडे, साधारण अडीच मीटर लांब, ओठांवर पांढरी कड आणि चोच कुणालाच नाही. नावात व्हेल असलं तरी कुळाने दोघेही डॉल्फिनच.

कळप केवढा आहे ते आधी बघावं. मेलन-हेडेड शेकड्यांनी फिरतात, पिग्मी किलर सहसा पन्नासच्या आत. पण नुसत्या संख्येवर मी तरी नाव लिहिणार नाही.

पक्की खूण छातीजवळच्या परांत असते. मेलन-हेडेडच्या पराला अणकुचीदार टोक असतं, पिग्मी किलरचं टोक गोलसर. पंचाईत अशी, की हे पर पाण्याखालीच राहतात, प्राण्याने उसळी घेतली तरच दिसतात. म्हणून नजर पाठीवरच्या गडद झुलीवर, म्हणजे झुलीसारख्या पसरलेल्या गडद रंगाच्या पट्ट्यावर ठेवावी. ऊन बाजूने पडलं, की झुलीची कड उठून दिसते. पिग्मी किलरमध्ये ती ठळक असते आणि पाठीच्या पराखाली थोडीशीच उतरते. मेलन-हेडेडची झूल त्याच जागी खोल खाली येते आणि कड धूसर असते. सूर्य समोर असेल तर मात्र दोघेही नुसते काळे.

फॉल्स किलर व्हेलही काळाच, पण पाच-सहा मीटरपर्यंत वाढणारा, सडपातळ. त्याच्या छातीच्या पराला कोपरासारखा फुगवटा असतो. पायलट व्हेलचा पाठीवरचा पर रुंद बुडाचा आणि डोक्याच्या बाजूला सरकलेला, त्यामुळे तो लवकर कळतो.

किनाऱ्यावर मेलेला प्राणी सापडला तर दात मोजावेत. मेलन-हेडेडच्या जबड्यात प्रत्येक बाजूला वीस ते पंचवीस, पिग्मी किलरच्या आठ ते तेरा. पिग्मी किलर तर विज्ञानाला कितीतरी वर्षं केवळ दोन कवट्यांवरून माहीत होता. अख्खा प्राणी अभ्यासकांच्या हाती लागला तो १९५२ साली, जपानमध्ये.

समुद्रावर दात मोजता येत नाहीत. अशा वेळी 'दोघांपैकी एक' अशी नोंद करावी. ती नोंदही कामाची असते, आणि सोबत बाजूने काढलेला फोटो असेल तर पुढे कुणीतरी झुलीची कड पाहून नाव पक्कं करू शकतं.