तेलाने केस वाढतात की टिकतात?

‘रोज रात्री तेल मुरवले की मुळांना पोषण मिळते आणि केस भराभर वाढतात’ असा समज घरोघरी आहे. त्यामागचा अनुभव खोटा नाही, कारण नियमित तेल लावणाऱ्यांची वेणी अनेकदा खरोखरच लांब असते. गल्लत होते ती कारण जोडताना. केस त्वचेखाली मुळाशी तयार होतो आणि त्याचे पोषण रक्तातून होते. बाहेर आलेला केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. तो महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे ५ वर्षे धुणे-विंचरणे सोसत आलेले असते, आणि कोरडा केस बहुधा तिथेच तुटतो. खोबरेल तेल काही प्रमाणात केसाच्या आत शिरते, त्यामुळे न्हाण्यापूर्वी लावल्यास धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते आणि लांबी टिकते. (दुभंगलेली टोके मात्र कोणतेही तेल सांधत नाही, ती कापावीच लागतात.)

पडताळा घरीच घेता येतो. कलप लावल्यानंतर भांगापाशी उगवणारा बिनरंगी भाग एक महिना तेल लावून आणि एक महिना न लावता पट्टीने मोजावा. लक्षात येण्याजोगा फरक सहसा दिसत नाही. कंगव्यातले केसही निरखावेत: टोकाला बारीक पांढरट गाठ असलेला केस मुळापासून गळलेला असतो, तर ती नसलेला आखूड तुकडा मधूनच तुटलेला, आणि तेलाचा उपयोग होतो तो हे तुकडे कमी करण्यासाठी.