एनक्वासचा अर्ज कसा होते, कागदपत्रं कोणती नं नर्सिंगचे मार्क कुठं कटतात

आमच्या भागातल्या बऱ्याच सिस्टर विचारतात का एनक्वाससाठी (म्हणजे सरकारी दवाखान्याच्या क्वालिटीचं केंद्र सरकारचं सर्टिफिकेट) अर्ज कोण करते, म्हणून एकदा सगळं लिहून देते. सरकारी दवाखाना पात्र आहे, जिल्हा रुग्णालय असो, ग्रामीण रुग्णालय, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) नाहीतर उपकेंद्र. अर्ज दवाखान्याच्या नावानं होते. आधी आपली क्वालिटी टीम चेकलिस्ट घेऊन स्वतःच तपासते, कमी निघालं ते भरून काढते, मग जिल्ह्याची टीम, मग राज्याची, तिथं पास झालं का राज्याकडून अर्ज दिल्लीले जाते.

कागदपत्रात दवाखान्याच्या माहितीचा फॉर्म, एसओपी (कोणतं काम कसं करायचं ते लिहिलेलं), क्वालिटी टीमच्या मीटिंगचे मिनिट्स, स्वतः केलेल्या तपासणीचे मार्क, पेशंट समाधानाचा सर्वे, बायोमेडिकल वेस्टचं (दवाखान्यातल्या कचऱ्याचं) ऑथरायझेशन, एक्स-रे असला तं एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स. हे जमते हो, फाईल लावणारा एक माणूस पक्का धरा.

अडते ते ई-4 मध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या चेकलिस्टमधलं नर्सिंग केअरचं स्टँडर्ड. त्यात पाच गोष्टी पाहतात: पेशंटची ओळख पटवणं, ट्रीटमेंट वेळेवर देणं, ड्युटी बदलताना हँडओव्हर, नर्सिंग रेकॉर्ड, नं पेशंटवर वेळोवेळी लक्ष. पूर्ण असलं तं 2 मार्क, अर्धवट 1, नसलं तं 0. तपासणारे नुसते कागद पाहत नाहीत, स्वतः उभं राहून पाहतात, सिस्टरले विचारतात, पेशंटलेपण विचारतात.

फवारणीच्या दिवसात आमच्याकडं विषबाधेचा पेशंट आला, अ‍ॅट्रोपिन (विषावरचं औषध) सुरू, सिस्टर रात्रभर त्याच्या पलंगाजवळ, दर थोड्या वेळानं नाडी पाह्य, डोळ्याच्या बाहुल्या पाह्य, पण चार्टवर मधल्या रात्रीची एकही नोंद नाही, सगळं सकाळी एकाच पेनानं एका दमात लिहिलेलं. माणूस वाचला, नं तपासणीत त्या नोंदीले शून्य. मले आजपण वाईट वाटते, कारण काम खरंच झालं होतं. म्हणून टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट पलंगाजवळच ठेवा, पाहिलं का तिथंच वेळ टाकून लिहा. हँडओव्हरपण टेबलावर नको, पेशंटपाशी उभं राहून द्या. आणि "पाच नंबरवाल्याले इंजेक्शन" ही सवय सोडा, नाव नं आयपीडी (भरतीचा) नंबर दोन्ही पाहा.

पास व्हायले एकूण 70 टक्के लागतात, प्रत्येक विभागातपण 70. सर्टिफिकेट 3 वर्षं चालते, मधात दरवर्षी तपासणी असते.